अर्ध्या मिनिटाचा तारा

गॅमा किरण वातावरण भेदून खाली येत नाहीत. त्यांच्या स्फोटाची वर्दी उपग्रहच देतात. पण स्फोट बहुधा काही सेकंदांतच ओसरतो, आणि अजस्र दुर्बीण तिकडे वळेपर्यंत सारे आटोपलेले असते. म्हणून काही ज्योतिर्विदांनी उलटा मार्ग धरला : छायाचित्रकाराची साधी भिंगे, विस्तीर्ण आकाश आणि माणसावाचून चालणारा पहारा. १९९९ साली अमेरिकेत लॉस अलामॉस येथील अशा यंत्राने स्फोट चालू असतानाच त्याचा प्रकाश प्रथम टिपला.

१९ मार्च २००८ रोजी तर दैवानेही साथ दिली. चिलीतील लास कंपानास येथला पोलिश कॅमेरा अर्ध्या तासापूर्वीच्या एका निराळ्याच स्फोटाकडे रोखलेला होता. त्याच टापूत, स्वाती जेथे तळपते त्या भूतप मंडलात, एक ठिणगी उजळली. तिचे तेज पाचव्या प्रतीच्या आसपास गेले. अंधाऱ्या माळावरून ती अर्धे मिनिटभर नुसत्या डोळ्यांनी दिसू शकली असती! देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर; हा प्रकाश मात्र सुमारे ७५० कोटी वर्षे, म्हणजे सूर्य जन्मण्यापूर्वीपासून, वाटचाल करीत होता.

त्या चित्रमालेत सर्वांत मोलाची चित्रे कोणती म्हणाल, तर स्फोटापूर्वीची, रिकाम्या आकाशाची. दृश्य प्रकाश गॅमा किरणांच्या आधी उसळला नव्हता, हे त्यांच्यामुळेच सांगता आले.