शहाबादीला आंबट सोसत नाही

शहाबादी, कोटा आणि संगमरवर या तिन्ही दगडांत मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबाचा रस सांडला की मळ निघत नाही, दगडच विरघळू लागतो. मागे उरतो तो फिकट, निस्तेज ठसा. तो डाग नव्हे, झीज आहे. म्हणून कितीही घासा, जात नाही. कुणी म्हणेल, ॲसिड टाकलं की फरशी लख्ख दिसते की! दिसते खरी, कारण मळासकट वरचा थरही गेलेला असतो. पण खडबडीत झालेल्या फरशीत पुढचा मळ आणखी घट्ट बसतो. चिंचेनं तांब्याची भांडी उजळतात, हा दाखला इथे गैरलागू. तिथे चिंच काढते तो तांब्यावर चढलेला काळपट थर.

ओट्याचा ग्रॅनाइट मुख्यतः क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचा, त्यामुळे कोकमाच्या आगळाला तो सहसा दाद देत नाही. मात्र त्यावर पाण्याचे चार थेंब ठेवून पाहा. 10-15 मिनिटांत तिथे गडद ठिपका उमटला, तर दगड पाणी पितोय, उद्या फोडणीचं तेलही पिईल; तिथे सीलर लावावा. बाकी रोजच्याला आधी मऊ झाडूनं रेती काढायची, कारण रेतीचा कण संगमरवरापेक्षा कठीण असतो, आणि मग साध्या पाण्यानं पुसून लगेच कोरडं करायचं.