कर्जाचा कागद

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



कर्ज या विषयावर मी बोलावे असे चिटणीस साहेबांनी सुचविले, तेव्हा मला संकोच वाटला. मी इतिहास शिकविणारा माणूस. पैशाच्या व्यवहारातले मला काय कळते? पण मग लक्षात आले की, कर्जाच्या इतिहासातले एक मोठे पान आपल्याच तालुक्यांत लिहिले गेले आहे. शिवाय एका कर्जाचे हप्ते मी स्वतः भरले आहेत आणि ते कर्ज माझे नव्हते. त्याविषयी पुढे सांगेन.

शिरूर तालुक्यातील कर्डे हे गाव आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचे आहे. डिसेंबर १८७४ मध्ये या गावात एका सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर पाडावयास घेतले. गाव संतापला, पण कोणी हात उगारला नाही. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याचे काम करायचे नाही, त्याच्या दुकानात जायचे नाही, असे ठरले. हे लोण गावोगाव पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उद्रेक झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजचा दौंडचा भागही त्याच तालुक्यात मोडत असे. तेथून दंगल शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यातील गावांत गेली. ९५१ लोकांना अटक झाली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

वर्गात हा धडा शिकविताना मी मुलांना नेहमी एक प्रश्न विचारतो. त्या शेतकऱ्यांनी काय जाळले? मुले म्हणतात, घरे जाळली, दुकाने लुटली. तेही काही ठिकाणी झाले. परंतु बहुतेक गावांत जमावाने प्रथम मागितले ते कागद. कर्जरोखे बाहेर काढा, वह्या बाहेर काढा. ते हाती आले की त्यांची होळी केली आणि बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात न लावता लोक घरी गेले. त्या माणसांचे वैर कागदाशी होते.

असे का झाले? कारणे अनेक आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी मागेल त्याला पैसा दिला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने नवी पाहणी करून शेतसारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढविला. हे सर्व पाठ्यपुस्तकात आहे. मला आज सांगायचे आहे ते कागदाचे गणित.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा करता येईल, असे त्यात होते. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये हा हेतू चांगला होता. परंतु व्यवहारात उलटेच झाले. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून तेवढी रक्कम नव्या रोख्यात मुद्दल म्हणून दाखवी.

विद्यार्थी मित्रांनो, हे गणित घरी जाऊन करून पाहा. शंभर रुपये कर्ज, व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी १७२ रुपये होतात. आता १७२ चा नवा रोखा. सहाव्या वर्षी सुमारे २९६, नवव्या वर्षी सुमारे ५०९, बाराव्या वर्षी ८७५. रोखा न बदलता सरळ व्याजाने हिशेब केला असता तर बारा वर्षांनी ३८८ झाले असते. मधले जवळजवळ पाचशे रुपये शेतकऱ्याने कधी हातात घेतलेच नव्हते. ते चार अंगठ्यांतून निर्माण झाले. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे तर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले होते. त्यात शेतकऱ्याने मधे काही भरले तर त्याची पावती मिळत नसे.

सरकारने १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा केला. दावा आला तर न्यायालयाने रोख्यावरील आकड्यावर विसंबू नये, व्यवहार मुळापासून तपासून मुद्दल वेगळे आणि व्याज वेगळे काढावे, असे त्यात ठरले. शेतकऱ्याचे दस्त निबंधकासमोर व्हावेत, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब लेखी मिळावा, हेही त्यात आले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. त्यावर सावकारांनी वाट काढलीच. ते गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेऊ लागले. ‘पैसे परत दिलेस की जमीन परत’ हे तोंडी. हा तोंडी वायदा आजही आपल्या भागात ऐकू येतो, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको.

आता दीडशे वर्षे पुढे येऊ. आज कारखान्यात कंत्राटावर लागलेला आपला मुलगा पहिल्या पगाराला मोटारसायकल घेतो, दुसऱ्याला मोबाईल, दोन्ही हप्त्यावर. अंगठा पूर्वी शाईत बुडवीत, आता तो काचेवर टेकवितात. मोबाईलवर आलेले सहा आकडे समोरच्याला वाचून दाखविले की झाली सही. वीस पानांचा करार कोणी वाचला? मी पदवीधर आहे, मीही वाचत नव्हतो.

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एक स्नेही घरी आले. म्हणाले, “सर, फक्त एक सही पाहिजे. नोकरदार जामीन लागतो म्हणून. बाकी तुमचा काही संबंध नाही.” पतसंस्थेचे कर्ज होते. माझ्या घरातून चहा आणता आणता विचारणा झाली, “कागद वाचला का?” मी म्हटले, मैत्रीत कागद काय वाचायचा! दीड वर्षाने शाळेच्या पत्त्यावर नोटीस आली. स्नेह्यांचा धंदा बसला होता. माझ्या पगारातून दरमहा साडेचार हजार, असे एकोणतीस महिने गेले. मी संस्थेशी भांडायला गेलो, तेव्हा तेथील लेखनिकाने मला माझीच सही दाखविली आणि तिच्या वरचा मजकूर वाचायला लावला. शिक्षकाला वाचायला लावले! भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क मला नव्हता. त्या स्नेह्यांशी माझे बोलणे आहे. पण ते आता वाटेत दिसले की रस्ता ओलांडून जातात, याचे मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटते.

आपल्या समाजात एक आणखी अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून मला पुढे जाता येत नाही. व्याज हराम आहे. बँकेचे व्याज आणि त्यातील बारकावे याविषयी बोलण्याचा अधिकार उलेमांचा, माझा नाही. परंतु मला दिसते ते असे की, व्याजाच्या भीतीने बँकेची पायरी न चढणारा आपला भाऊ लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी गावातल्या खाजगी माणसाकडून शेकडा पाच दरमहाने पैसे उचलतो. त्याला कोणी व्याज म्हणत नाही, ‘वरचे पैसे’ म्हणतात. शेकडा पाच दरमहा म्हणजे वर्षाला साठ टक्के. नाव बदलल्याने वस्तू बदलते काय?

कुरआन शरीफात सूरह बकरामधील २८२ वी आयत ही सर्वांत लांब आयत. ती कर्जाच्या लिखापढीविषयी आहे. मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, कंटाळा करू नका, साक्षीदार घ्या, असा तिचा आशय. त्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. लेखनिकाने लिहावे, पण मजकूर सांगावा कोणी? तर ज्याच्यावर देणे आहे त्याने, म्हणजे कर्जदाराने. ज्याने स्वतःच्या तोंडाने मजकूर सांगितला, त्याला आपण काय कबूल केले ते ठाऊक असणारच. आमच्या शिरूर-भीमथडीत नेमके उलटे होत होते. मजकूर सावकार सांगे, लेखनिक लिही आणि देणेकरी अंगठा देई.

त्याआधीच्या, २८० व्या आयतीत तंगीत असलेल्या देणेकऱ्याला सवड द्या, सोडून दिले तर अधिक चांगले, असे आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आणि दुसऱ्या बाजूने, एका कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढविण्यास पैगंबर साहेब (स.अ.) थांबले होते. अबू कतादा यांनी ते देणे अंगावर घेतले तेव्हा नमाज झाली. देणाऱ्याने नरम असावे आणि घेणाऱ्याने धास्ती बाळगावी, असा दोन्हीकडचा बंदोबस्त आहे. आपण मात्र सोयीप्रमाणे एकच बाजू सांगतो.

कर्ज घेऊच नये, असे म्हणणारा मी नाही. शिलाई यंत्र, गॅरेजची हत्यारे, ठिबकची नळी, मुलीची नर्सिंगची फी यांसाठी घेतलेले कर्ज स्वतःच्या पायावर उभे राहते. आपल्या अल्पसंख्याक महामंडळाची सवलतीची शैक्षणिक कर्जेही आहेत. पण चारशे पानांच्या जेवणावळीसाठी घेतलेले कर्ज पाहुणे हात धुतात तेव्हाच खाऊन संपलेले असते. ते फेडायला नवरीचा धाकटा भाऊ शाळा सोडून कामाला लागतो. असे दोन विद्यार्थी माझ्या वर्गातून गेले आहेत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे कारण काय लिहायचे, मला सुचले नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ‘फक्त बारा टक्के’ ऐकून भुलू नका. एक लाख रुपये, दोन वर्षे, बारा टक्के सपाट दर असे म्हटले तर हप्ता सुमारे ५,१६७ रुपये येतो. पण तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र पूर्ण लाखावरच लावलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर दाखविणारे विवरणपत्र, त्याला समजणाऱ्या भाषेत, द्यावयाचे आहे. ते मराठीत मागा. मागताना लाजू नका.

खाजगी सावकारासाठी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी अधिनियम आहे. परवाना नसेल तर सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आणि ते जे ‘नाममात्र’ खरेदीखत मी मघाशी सांगितले, त्यात जमीन गेली असेल तर पंधरा वर्षांच्या आतील व्यवहाराची जिल्हा निबंधक चौकशी करू शकतात आणि अवैध सावकारी सिद्ध झाल्यास मालमत्ता परत देववू शकतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत, सहकार खात्यात द्यावा. मात्र त्यासाठी तुमच्याजवळही काही कागद लागतो. चिठ्ठी, बँकेतून पैसे पाठविल्याची नोंद, काहीही. तोंडी वायद्याला तेथे कोणी विचारीत नाही.

मुख्याध्यापक साहेबांची परवानगी घेऊन शेवटी एवढेच सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी आठवीच्या वर्गात थांबणार आहे. ज्यांना कर्ज घ्यायचे आहे किंवा कोणाला जामीन राहायचे आहे, त्यांनी तो कागद घेऊन यावे. आपण तो मोठ्याने वाचू. मोठी मुले आली तर त्यांच्याकडूनच वाचून घेऊ, गणितही तीच करतील. फक्त सही करण्याच्या आधी या, नंतर नको. भगिनींनीही यावे. आमच्या घरात तो पहिला प्रश्न कोणी विचारला होता, ते मी आपल्याला सांगितलेच आहे.