लावलेल्या रानाला वर्षानुवर्षं नत्र दिलं तर



युरिया म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घराणं तीन पिढ्यांपूर्वी इंदूरला, बडोद्याला किंवा हैदराबादला गेलेलं असलं, तरी युरिया टाकला की पीक हिरवंगार होतं, एवढं घरात कुणाला तरी ठाऊक असतंच. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हेच नत्र शेताऐवजी लावलेल्या जंगलाला दिलं, आणि तेही एकदा-दोनदा नाही तर दरवर्षी, वीस-पंचवीस वर्षं देत राहिलं, तर मातीतल्या सूक्ष्मजीवांचं काय होतं?

तुम्ही म्हणाल, जंगलाला खत घालायला कोण बसलंय? घालतात. स्वीडन, फिनलंडमध्ये लाकडासाठी वाढवलेल्या पाइनच्या जंगलांना घालतात. आणि जिथे कुणी घालत नाही, तिथे आकाश घालतं. गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर, शेतातून आणि गोठ्यातून उडणारा अमोनिया, हे सगळं पावसाबरोबर आणि धुळीबरोबर खाली येतं. झाडांना तो न मागता मिळालेला नत्राचा हप्ताच असतो.

हा हप्ता साठत गेला तर काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधन-जंगलात १९८८ साली एक प्रयोग सुरू झाला. तिथे १९२६ साली लावलेली लाल पाइनची लागवड होती आणि जवळच ओक, मेपल अशा पानझडी झाडांचं आपोआप वाढलेलं रान होतं. दोन्हीकडे ३० बाय ३० मीटरचे तुकडे आखले. एकाला काहीच नाही. दुसऱ्याला वर्षाला हेक्टरी ५० किलो नत्र. तिसऱ्याला १५० किलो. मे ते ऑक्टोबर दर महिन्याला अमोनियम नायट्रेटचं पाणी पाठीवरच्या पंपाने फवारायचं.

१५० किलो म्हणजे किती? युरियाच्या भाषेत एकरी जेमतेम तीन गोण्या. आपल्याकडे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, त्यामुळे ऊसवाल्याला हा आकडा किरकोळच वाटेल. पण ऊस कापून कारखान्याला जातो, त्याच्याबरोबर नत्रही शेताबाहेर जातं. रानातून काहीच जात नाही. पाला पडतो, कुजतो, आणि तेच नत्र पुन्हा झाडाला मिळतं. त्यावर आपण दरवर्षी ओतत राहायचं.

आता मातीत काय असतं ते पाहू, कारण सगळी गोष्ट तिथेच घडते. पाइनच्या मुळांच्या टोकांवर बुरशीचं एक वेष्टण असतं. त्यातून निघणारे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक असतात आणि मूळ पोहोचणार नाही अशा फटीत शिरतात. तिथून नत्र, स्फुरद, पाणी आणून झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. हा व्यवहार लहान नाही. स्वीडनमध्ये पीटर हॉग्बर्ग आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या खोडांची साल गोलाकार सोलून पानांतली साखर खाली जाणं बंद केलं. एक-दोन महिन्यांत मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड निम्म्याने घटला. म्हणजे मातीचा जो श्वास आपण मोजतो, त्यातला अर्धा भाग झाडाने खाली पाठवलेल्या ताज्या साखरेवर चाललेला असतो.

अशा ठिकाणी फुकटचं नत्र आलं की झाड काय करतं? जे दारात मिळतंय, ते आणून देणाऱ्याला मजुरी कशाला? बुरशीकडे जाणारी साखर आटते. यात झाडाची चूक काही नाही, हिशेब सरळ आहे.

सेरिटा फ्राय आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हार्वर्ड फॉरेस्टच्या त्याच तुकड्यांतली मोजणी प्रसिद्ध केली. नत्र दिलेल्या पाइनखाली सक्रिय बुरशी ४२ ते ६९ टक्क्यांनी कमी होती, पानझडी झाडांखाली २७ ते ६१ टक्क्यांनी. जिवाणूंच्या एकूण प्रमाणात मात्र फारसा फरक नव्हता. म्हणून ‘खताने सूक्ष्मजीव मरतात’ असं सरसकट म्हणू नये. माती ओसाड पडली नव्हती, तिथल्या रहिवाशांचं प्रमाण बदललं होतं. आणि बुरशी जे काम करते ते जिवाणूंना तितकंसं जमत नाही. लाकडातलं आणि पाल्यातलं लिग्निन, म्हणजे त्यांना कडकपणा देणारा चिवट पदार्थ, फोडायची एन्झाइमं प्रामुख्याने बुरशीकडे असतात. मुळांवरची नव्हे, तर पाला कुजवणारी बुरशी यात पुढे. नत्र दिलेल्या मातीत याच एन्झाइमांचं काम मंदावलेलं आढळलं.

पुढचा शोध मला जास्त अस्वस्थ करतो. नत्राच्या तुकड्यांतली आणि साध्या तुकड्यांतली बुरशी प्रयोगशाळेत वेगळी वाढवली आणि दोघींना ओकचा पाला कुजवायला दिला. नत्राच्या तुकड्यातून आलेली बुरशी पाला कुजवण्यात कमी पडली. कमतरता आता नुसत्या परिस्थितीत नव्हती, बुरशीतच उतरली होती.

कुजणं मंदावलं की पाला साठतो आणि त्यातला कार्बन जमिनीतच राहतो. वीस वर्षांचा हिशेब २०१४ साली आला, त्यातही हेच दिसलं. काही लोकांना यात आनंदाची बातमी दिसली : कार्बन साठला, हवा वाचली! कार्बन क्रेडिटच्या बाजारात असा आकडा विकताही येईल. मला तो पटत नाही. त्याच प्रयोगात जास्त नत्र मिळालेली लाल पाइनची निम्म्याहून अधिक झाडं २००२ पर्यंत मेली होती. ओकला काही काळ नत्र मानवलं, वाढही चांगली झाली. पाइनला मानवलं नाही. तिथे जादा नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपू लागलं, जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन गेलं आणि माती आंबट झाली. घरातला कचरा बाहेर जात नाही म्हणून घर श्रीमंत झालं, असं आपण म्हणत नाही.

हे परत फिरवता येतं का? उत्तर स्वीडनकडे आहे. तिथल्या नॉर्लिडेन या जागी १९७१ पासून स्कॉट्स पाइनच्या रानाला दरवर्षी नत्र दिलं जात होतं. सर्वांत मोठी मात्रा १९९० मध्ये थांबवली. सुमारे दीड दशकाने पाहिलं तर मुळांवरची बुरशी बऱ्याच अंशी परतली होती. वीस वर्षांचं देणं फेडायला पंधरा वर्षं, आणि हे बिघाड थांबवल्यानंतर.

आता आपल्याकडे. पाइनचे निष्कर्ष उचलून सागावर चिकटवू नका. सागाच्या मुळांतली बुरशी वेगळ्या प्रकारची असते, ती मुळाच्या पेशींच्या आत शिरते. कोकणातल्या जांभ्या मातीत झाड नत्राआधी बहुधा स्फुरदासाठी अडतं. पण उत्तरेकडच्या सालाचं आणि हिमालयातल्या चीड पाइनचं नातं त्या स्वीडिश पाइनसारख्याच बुरशीशी आहे. आणि गंगेचं खोरं हे उपग्रहांना दिसणाऱ्या जगातल्या सर्वांत दाट अमोनियाच्या पट्ट्यांपैकी एक आहे. डेहराडून, गोरखपूर, जबलपूरकडे राहणाऱ्या श्रोत्यांनी ही दोन वाक्यं एकत्र ठेवून पाहावीत.

ज्यांनी बांधावर किंवा पडीक रानात साग, निलगिरी लावली आहे, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. रोप गवताच्या वर निघेपर्यंत थोडं नत्र समजू शकतं. माथे एकमेकांना भिडले आणि पाला पडू लागला, की दरवर्षीची गोणी थांबवा आणि पाला जाळू नका. श्रावणात हाताने पाल्याचा थर उचलून बघा. खाली पांढरे तंतू दिसतात का, पानं जाळीदार होऊन विरत आहेत का, की गेल्या वर्षीची पानं तशीच अख्खी पडली आहेत? खत घातलेल्या आणि न घातलेल्या ओळीत हे शेजारी शेजारी पाहा.