दूरस्थ शिक्षक आणि वर्गातील शिक्षक
(वर्धापन महोत्सवातील व्याख्यान)

दूरच्या गावी बसलेला शिक्षक पडद्यावर प्रत्यक्ष बोलतो, मुलांना पाहतो, प्रश्न विचारतो व त्यांची उत्तरे ऐकतो. अशा शिक्षकाच्या योगाने शाळांतील शिक्षकांची उणीव भरून निघेल काय, असा हा विषय आहे. आपल्या पाठशाळेतील अध्यापकांनी याच रीतीने लांबच्या शाळांना संस्कृत शिकवावे, अशी सूचना काही सद्भक्तांकडून आली आहे. तेव्हा हा विचार आपणांस केवळ कौतुकाचा नाही.

उणीव मोठी आहे. युनेस्कोच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे २०३० पर्यंत जगास आणखी ४ कोटी ४० लक्ष शिक्षक लागतील. आपल्या देशात २०२४-२५ च्या शासकीय माहितीनुसार एक लक्षाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत व त्यांत ३३ लक्षांवर मुले शिकतात. एकच शिक्षक, आणि त्याच्यापुढे चार इयत्ता! तो आजारी पडला की त्या दिवशी शाळाच आजारी.

दुरून शिकविण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मध्यभागी, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे, १९५१ साली ‘आकाशशाळा’ निघाली. शेकडो मैल दूर पसरलेल्या गुरांच्या वाड्यांवरील मुले दुहेरी रेडिओवरून शिक्षकाशी बोलत. पुढे रेडिओची जागा उपग्रहाने जोडलेल्या इंटरनेटने घेतली. परंतु मुलाशेजारी बसून पाठ करवून घेणारी आई किंवा घरची शिक्षिका तेव्हाही होती आणि आजही आहे. तिच्यावाचून ती शाळा चालत नाही.

याहून बोधप्रद उदाहरण उरुग्वेचे आहे. ब्राझील व अर्जेंटिना यांच्यामध्ये वसलेले हे सुमारे ३५ लक्ष वस्तीचे राष्ट्र, भाषा स्पॅनिश. सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना इंग्रजी शिकवावयाचे ठरले, तर ती भाषा जाणणारे पुरेसे शिक्षक देशात नव्हते. २००७ साली सुरू झालेल्या सेइबाल योजनेने मुलांना लहान संगणक दिलेच होते. त्याच योजनेतून २०१२ साली, ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने, प्रथम २० शाळांत प्रयोग झाला व पुढे तो देशभर पसरला. चौथी ते सहावीच्या वर्गांसाठी मोठा पडदा व कॅमेरा बसविण्यात आला आणि आठवड्यातून एक तास दूरस्थ शिक्षकास देण्यात आला. हा शिक्षक कोठे माँटेव्हिडिओत, कोठे ब्युनॉस आयर्समध्ये, तर कोठे थेट मनिलात बसलेला. (उरुग्वेत सकाळचे दहा वाजतात तेव्हा मनिलात रात्रीचे नऊ झालेले असतात, विद्यादानास वेळकाळ नाही म्हणतात ते असे.)

या व्यवस्थेचे मर्म पुढेच आहे. आठवड्याचे आणखी दोन तास वर्गाच्या नेहमीच्या शिक्षिकेने घ्यावयाचे, आणि तिला इंग्रजी येतेच असे नाही! तिच्याकरिता पाठाचे टाचण तयार असते. ती व दूरस्थ शिक्षक दर आठवड्यास आपसांत बोलून पुढील पाठ ठरवितात. ती मुलांबरोबर स्वतः शिकते आणि हे मुलांपासून लपवीत नाही. शब्दाचा उच्चार कसा, हे पडद्यावरील शिक्षकास ठाऊक. कोणते मूल आज उपाशी आले आहे, कोण मागच्या बाकावर गप्प बसले आहे, हे तिला ठाऊक. माझ्या मते त्या प्रयोगाचे यश पडद्यापेक्षा या बाईंच्या पदरी अधिक घालावे लागेल.

अमेरिकेतही अनेक शाळामंडळे गणित, विज्ञान इत्यादी विषयांच्या रिकाम्या जागांसाठी खासगी कंपन्यांकडून असे शिक्षक घेतात. तेथे वर्गात बहुधा एक साहाय्यक बसतो. तो केवळ शिस्त राखण्यापुरता बसला, तर मुलाने अडखळून विचारलेली शंका कोणाच्याच वाट्यास जात नाही. रिकाम्या जागेवर पडदा लावला की ती जागा भरण्याची निकड संपते, हा त्याहून मोठा धोका मला दिसतो. पडदा स्वस्त पडतो, म्हणून पद कायमचे मोडावे असे कोणाच्याही मनात सहज येईल. यास आपण हातभार लावता कामा नये.

आता आपल्या विषयाकडे वळू. ध्वनी दूर जाऊन परत येण्यास किंचित विलंब लागतो. त्यामुळे गुरू व मुले एकाच वेळी श्लोक म्हणू लागली की स्वर एकमेकांवर आदळतात आणि सारा गलका होतो. आपली संथेची रीत येथे उपयोगी पडते. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा. आळीपाळीने म्हटल्यामुळे विलंब बाधत नाही. परंतु मुलाने ‘श’ म्हटला की ‘ष’, हे यंत्रातून पुष्कळदा कळत नाही. तीस मुले एकत्र म्हणत असता कोणाचा विसर्ग गळला, हे तर मुळीच कळत नाही. तेथे मुलाजवळ उभा राहून ऐकणारा कान हवा. त्या शिक्षकास संस्कृत येत नसले तरी चालेल. पहिल्या चार महिन्यांत तोही शिकेल.

म्हणून माझी विनंती अशी की, जी शाळा आपल्याकडे येईल तिला प्रथम एवढेच विचारावे: त्या तासाला वर्गात कोणते शिक्षक बसणार? नाव सांगता आले नाही, तर त्या शाळेस यंदा थांबावयास सांगावे. एकशिक्षकी शाळेच्या बाबतीत उरलेल्या इयत्तांचे त्या वेळी काय होणार, हेही विचारावे. शिक्षकाची जागा रिक्त असेल तर ती कागदोपत्री रिक्तच राहील व ती भरण्याची मागणी चालू राहील, असे लेखी घ्यावे. पहिल्या वर्षी दोन शाळा पुरेत. त्यांच्या शिक्षकांशी दर आठवड्यास बोलण्याचे काम मी आनंदाने पत्करतो.

एक अडचण मात्र माझ्याने सुटत नाही. शाळांचे वेळापत्रक वारांवर चालते आणि आपला अनध्याय तिथींवर. बुधवार नेमला तर कधी त्या दिवशी अष्टमी येईल, कधी प्रतिपदा. वेदाध्ययनाचा निषेध शाळेतील शब्दरूपांस व सुभाषितांस लागू करावा किंवा कसे, याचा निर्णय येथे बसलेल्या वृद्ध शास्त्रीमंडळींनी द्यावा, म्हणजे जूनपूर्वी शाळांना तास कळविता येतील.