गोळीला आवाज हवाच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘सायलेन्सर’ म्हटले की आपल्या नागपुरात आधी बुलेट आठवते. कंपनीने लावलेला सायलेन्सर काढायचा, दुसरा बसवायचा आणि रात्री अकरा वाजता सिव्हिल लाइन्समधून फटाके फोडल्यासारखी गाडी पळवायची, हा काही पोरांचा शौक. वाहतूक पोलीस असले सायलेन्सर जप्त करतात, रोडरोलरखाली घालतात, मग त्याचे फोटो पेपरात येतात. मोटारसायकलीची बंदूक करण्याची ही हौस. मला आज बोलायचे आहे ते नेमक्या उलट्या गोष्टीबद्दल, बंदुकीला मोटारसायकलीसारखा सायलेन्सर लावण्याबद्दल. कवीला यातले काय कळते, असे कुणी म्हणेल. पण आवाज कुठे करायचा आणि कुठे गप्प राहायचे, हा आमच्याही रोजच्या कामाचाच प्रश्न आहे.

हिंदी सिनेमाने आपल्याला हे यंत्र शिकवले. खलनायक ब्रीफकेस उघडतो, पिस्तुलाच्या तोंडावर एक काळी नळी फिरवून बसवतो, ‘फुस्’ एवढाच आवाज होतो आणि समोरचा माणूस कोसळतो. शेजारच्या खोलीत पत्ते खेळणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. कधी कधी तर ही नळी रिव्हॉल्व्हरला लावलेली असते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात आणि नळीत बारीक फट असते. गॅस तिथूनच बाहेर पडतो, त्यामुळे पुढे काहीही लावले तरी उपयोग नाही. रशियातले जुने नागाँ रिव्हॉल्व्हर तेवढे याला अपवाद, कारण त्यात गोळी सुटताना चक्र पुढे सरकून ती फट बुजते. सिनेमावाल्यांना एवढ्या भानगडीत पडायला वेळ नसतो.

खरी गोष्ट समजायला स्वयंपाकघरात जाऊ. कुकर गॅसवर आहे, आत वाफ कोंडली आहे. शिटी हलकेच उचलली तर वाफ सूं करत निघून जाते. तेच झाकण एकदम उडाले तर स्फोट. बंदुकीत दारू जळून जो गॅस तयार होतो, तो गोळीच्या मागोमाग नळीच्या तोंडाशी एकदम मोकळा होतो. तो आपण ऐकतो तो बार. सायलेन्सर म्हणजे पुढे जोडलेला एक डबा, त्यात पडदे बसवून केलेल्या लहान लहान खोल्या. गॅस एका खोलीतून दुसरीत जातो, घुटमळतो, पसरतो, थंड होतो आणि मग सावकाश बाहेर येतो. गाडीचा सायलेन्सरही हेच करतो. दोघांचे मूळ एकच आहे, त्याकडे मी येतोच.

पण बंदुकीला दुसराही आवाज आहे आणि तो या डब्याच्या हाती नाही. गोळी आवाजापेक्षा वेगाने गेली तर ती हवा फाडत जाते आणि वाटभर चाबूक ओढल्यासारखा कडाका ऐकू येतो. आपल्या पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची गोळी सेकंदाला साधारण ७४० मीटर जाते, ध्वनीच्या दुपटीहून जास्त. तिला कितीही मोठा डबा लावा, कडाका होणारच. म्हणून ज्यांना खरोखर आवाज नको असतो ते मंद गोळी वापरतात. एमपी-५ नावाच्या जर्मन कार्बाइनचा एक प्रकार आहे, त्याच्या नळीलाच बारीक भोके पाडलेली असतात, म्हणजे गॅस आधीच निसटतो आणि गोळी ध्वनीपेक्षा हळू होते. यात आपल्या नागपूरकरांसाठी एक गंमत आहे. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंश असताना तो सेकंदाला ३३७ मीटर, तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सुमारे ३५७. म्हणजे ३४५ मीटर वेगाची एखादी गोळी थंडीत कडाडेल आणि आपल्या उन्हाळ्यात निमूट जाईल!

आता आकडा सांगतो. रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाशी साधारण १६० डेसिबल असतो. चांगला सायलेन्सर त्यातले वीस ते तीस-पस्तीस डेसिबल खातो. डेसिबलचा हिशेब सरळ बेरीज-वजाबाकीचा नाही. तीस डेसिबल उतरले म्हणजे आवाजातली शक्ती हजार पटींनी घटली. तरीही उरतात १३० च्या आसपास. आपल्याकडे चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायला बंदी आहे. मोजण्याच्या पद्धतींत फरक आहे हे मान्य, पण अंदाज यावा म्हणून सांगतो, सिनेमातली ती ‘फुस्’ दिवाळीतल्या सुतळी बॉम्बच्या पंक्तीत बसणारी आहे.

हे यंत्र काढले कुणी? अमेरिकेतल्या हायरम पर्सी मॅक्सिम या इंजिनिअरने. १९०९ साली त्याला पेटंट मिळाले. बाथटबमधले पाणी भोवरा करून निघून जाताना पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. त्याचे वडील सर हायरम मॅक्सिम हे तर त्याहून प्रसिद्ध. १८८४ साली त्यांनी मशीनगन बनवली आणि त्या मॅक्सिम गनने आफ्रिकेत काय केले, ते इतिहासात आहे. आयुष्यभर आपल्याच बंदुकांचे बार ऐकून हा माणूस उतारवयात ठार बहिरा झाला. बापाने बार वाढवला, मुलाने तो दाबायचे यंत्र केले. पुढे पर्सीच्या कंपनीने हीच युक्ती इंजिनांना लावली आणि नाव मिळवले. आणि श्रोतेहो, तुम्ही नभोवाणी ऐकत आहात म्हणून मुद्दाम सांगतो, १९१४ साली अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना स्थापन करणाऱ्यांत हाच पर्सी मॅक्सिम होता. त्या संघटनेचे केंद्र आजही त्याच्या जुन्या खुणेच्या अक्षरांवरून ओळखले जाते. एका हाताने आवाज दाबायचा, दुसऱ्या हाताने तो समुद्रापार पोचवायचा!

पर्सीला खुनी माणसांसाठी हे करायचे नव्हते. चांदमारीचा शौक असणाऱ्याने शेजाऱ्याला त्रास न देता नेम साधावा, एवढाच त्याचा हेतू होता. फिनलंड, नॉर्वेतले शिकारी आजही तो सर्रास वापरतात, तिथे तो शेजारधर्म समजला जातो. अमेरिकेने मात्र १९३४ साली त्यावर दोनशे डॉलरचा कर बसवला. त्या मंदीच्या काळात ही रक्कम जबर होती. तो कर २०२६ च्या १ जानेवारीपासून शून्य झाला, नोंदणी मात्र राहिली. भारतात प्रश्नच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीच्या व्याख्येतच आवाज किंवा झोत कमी करणारे साधन घातले आहे. म्हणजे तो डबा एकटा सापडला तरी कायद्याच्या नजरेत ती बंदूकच. आणि २०१६ च्या नियमांत तो पहिल्या वर्गात आहे, प्रतिबंधित शस्त्रांच्या रांगेत. परवानाधारकालाही तो मिळत नाही.

मला इथे आमचे बडे अब्बा, म्हणजे माझे थोरले चुलते आठवतात. एका सशस्त्र दलात त्यांची उमर गेली. वर्षानुवर्षे चांदमारीवर पोरांना रायफल शिकवली. कानात कापसाचा बोळा, तोही मनात आले तर. कापूस असल्या बाराला जवळजवळ काहीच अडवत नाही, हे त्यांना कुणी सांगितले नाही. रायफल उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो आणि उजवा गालाच्या, खांद्याच्या आडोशाला जातो. त्यामुळे उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा कान आधी जातो. बडे अब्बा पंचावन्नीला आले तेव्हा बोलणाऱ्याच्या डाव्या बाजूला बसू लागले, म्हणजे त्यांचा उजवा कान त्याच्याकडे राही. आम्हाला वाटे, ही अदब आहे.

बाराने जाणारा कान सगळाच एकदम जात नाही. आधी उंच पट्टीचे, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज जातात. म्हणजे बोलणे ऐकू येते, शब्द कळत नाहीत. ढोल ऐकू येतो, चिमणी नाही. भाषेतले स, श, फ, थ पुसले जातात. आमच्या घरात मी मराठीत कविता लिहितो याचे सर्वांत जास्त कौतुक त्यांना होते. एकदा माझी एक कविता त्यांना वाचून दाखवली. ओळीओळीत स आणि श पेरले होते, फार नजाकतीने. ते शेवटपर्यंत मान हलवत राहिले आणि मग म्हणाले, “बेटा, आवाज अच्छी है तेरी. अब कागज दे, पढ़ लेता हूँ.” त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि दाद दिली. त्यांच्यापर्यंत माझा आवाज अक्षरांवाचून पोचत होता. त्यानंतर मी त्यांना कविता लिहूनच देत असे.

म्हणून सायलेन्सर हे केवळ मारेकऱ्याचे हत्यार आहे, असे मी म्हणणार नाही. १४० डेसिबलच्या वरचा एक बारसुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो. त्याखाली आवाज आणणारे यंत्र हे औषधच म्हटले पाहिजे. मग आपल्याकडे ते खुले करावे का? माझे उत्तर, नाही. आणि त्याचे कारणही आवाजच आहे.

आवाज हा गोळीचा पहिला साक्षीदार. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत अनेकांना आधी फटाके वाटले. पण छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी स्फोटाचा आवाज ऐकला, धोका ओळखला आणि माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूने, एक नंबरच्या फलाटाकडून बाहेर पडा, असे परत परत सांगितले. त्या स्थानकात पन्नासहून जास्त माणसे मेली. ती सूचना नसती तर आकडा कुठे गेला असता, याचा विचार करवत नाही. आता दुसरी घटना पाहा. ३१ मे २०१९ ला अमेरिकेत व्हर्जिनिया बीच येथे एका सरकारी इमारतीत सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने बारा जणांचा जीव घेतला. आतल्या काहींना तो आवाज बंदुकीचा वाटलाच नाही, खिळे मारण्याच्या यंत्राचा वाटला. सायलेन्सर आवाज संपवत नाही, त्याची ओळख पुसतो. पळायचे की बसून राहायचे हे ठरवण्याचे जे दोन-चार क्षण असतात, तेच तो गिळतो.

जंगलात तर बार म्हणजे वनरक्षकाची घंटा. आसामात काझीरंग्याच्या गेंड्यांच्या शिकाऱ्यांनी थ्री-नॉट-थ्रीला सायलेन्सर लावून ती घंटाच कापली. हीच थ्री-नॉट-थ्री घेऊन दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी डी लाइल नावाची कार्बाइन केली होती. ती इतकी शांत की गोळीपेक्षा बोल्ट ओढल्याचा खटका मोठा, असे म्हणत. विदर्भातल्या वाघांचे मारेकरी याच्याही पुढे गेले. त्यांना बंदूकच लागली नाही. मेळघाट-ताडोबाच्या भागात २०१३ च्या सुमारास बहेलिया टोळ्यांचे लोखंडी सापळे सापडले आणि शेताच्या कुंपणात सोडलेली वीज आजही जनावरे मारते. सगळे बिनआवाजी. वाघ मेल्याचे कळते ते वास सुटल्यावर.

तेव्हा कायदा आहे तो राहू द्या. गप्प करायचे असेल तर बंदुकीला नको, कानाला करा. आज महाराष्ट्रात पोरेपोरी नेमबाजीकडे वळत आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्याच जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणले. दहा मीटरची एअर रायफल हवेच्या दाबावर चालते, तिचा आवाज फारसा नाही. पण पॉइंट टू-टूला दारू असते, आणि बंद खोलीतल्या रेंजवर आवाज भिंतींवरून परत येतो. शेजारच्या नेमबाजाचा बारही आपल्याच कानात जमा होतो.

फोमचे बोळे औषधाच्या दुकानात चहाच्या पैशांत मिळतात. पण ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवून चालत नाहीत. स्वच्छ बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचे. नीट बसले की स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. मोठ्या बोअरच्या वेळी त्यावर कान झाकणारे मफही घालावेत. आणि मुलाला रेंजवर घालण्याआधी एकदा कानाची तपासणी करून तो कागद जपून ठेवा, दर वर्षी नवा कागद त्याच्याशेजारी ठेवा. डॉक्टरांना चार हजार हर्ट्झचा आकडा विचारा, डाव्या कानाचा आधी. मूल डावखुरे असेल तर उजव्याचा.