आगोट आणि भरलेली कळशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "अडीअडचणीची बेगमी" या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एवढ्या बायकांपुढे उभे राहून बोलणे मला कसे जमणार?" त्या म्हणाल्या, "पापड लाटताना बोलतेस ना, तसेच बोल." तेव्हा आज मी पापड लाटीत बसले आहे असे समजूनच बोलणार आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

बेगमी म्हटले की आपल्या चिपळूणच्या बाईला पहिल्याने आठवते ती आगोट. जूनच्या 7-8 तारखेला मृग लागतो. त्याच्या आत घर भरलेले पाहिजे, ही शिकवण मी माहेरूनच घेऊन आले. आमचे गाव आडबाजूचे. पावसात ओढा भरला की दोन दोन दिवस बाजाराची वाट बंद. म्हणून आई चैत्रापासून कामाला लागे. तूरडाळीला एरंडेल चोळून ती उन्हात वाळवायची. तांदळात कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे घालायचे. चिंच निवडून, मीठ लावून तिचे गोळे करायचे. आमसुले, कुळीथ, पापड, फणसपोळी, सुकट, सोडे, आढ्याला टांगलेल्या कांद्याच्या माळा, मिठाची बरणी, शेवटी लाकडे आणि गोवऱ्या. एवढे झाले की आई आभाळाकडे बघून म्हणे, "आता ये बाबा हवा तेवढा."

सासरी आल्यावर हेच मी पुढे चालवले. खोटे कशाला बोलू, मला माझ्या आगोटीचा अभिमान होता. पाहुणी आली की काही तरी निमित्त काढून मी कोठीची खोली उघडून दाखवीत असे. 2021 च्या जूनमध्ये त्या खोलीत साठ किलो तांदूळ, वर्षाचा मसाला, डाळी, कडधान्ये आणि सहाशे पापड होते. खोली तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागे.

पुढे काय झाले ते इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. 21 जुलैच्या रात्री पाऊस थांबेना. 22 जुलैच्या पहाटे सासूबाईंनी हाक मारली, "अगो, अंगणात पाणी वाजते आहे." मी उठून दार उघडले तो पाणी पायरीला लागलेले. हे दुकानातले कापडाचे तागे आठवून कपाळाला हात लावून उभे राहिले. तेवढ्यात पाणी घोट्याला आले, आणि बघता बघता गुडघ्याला. वाशिष्ठीने 26 जुलै 2005 लाही घरात पाणी आणले होते, पण तेव्हा ते आमच्या ओट्याखाली थांबले. यंदाही थांबेल म्हणून आम्ही पहिला अर्धा तास सामान पलंगावर आणि टेबलावर ठेवण्यात घालवला. अखेर सासूबाईंना धरून आणि दोन मुलांना पुढे घालून आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. माझ्या हातात काय होते म्हणाल, तर देव्हाऱ्यातले देव आणि मंगळसूत्राची डबी. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिल्या.

वर आमची भाडेकरीण राहत असे. लातूरकडची मुलगी, वय बावीस-तेवीस, पदरात दीड वर्षाचे बाळ. नवरा कारखान्यात रात्रपाळीला गेलेला, तो तिकडेच अडकला. या मुलीची एक सवय मला फार हसू आणी. रोज निजण्यापूर्वी ती घरातले एकूण एक भांडे पिण्याच्या पाण्याने भरून ठेवायची. वीस लिटरचा कॅन, दोन कळशा, हंडा, वर झाकण, झाकणावर फडके. मी तिला कितीदा तरी म्हटले असेन, "अगो, हे कोकण आहे. इथे पाण्याला काय तोटा?" ती नुसती हसायची. एकदा मात्र म्हणाली, "काकू, आमच्याकडे 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. मी शाळा बुडवून टँकरच्या रांगेत उभी राहायचे. तेव्हापासून भांडी रिकामी असली की झोपच येत नाही."

मैत्रिणींनो, त्या दिवशी आमच्या घराला चारी बाजूंनी पाण्याने वेढा घातला होता आणि पिण्यासारखे पाणी तेवढे त्या मुलीच्या भांड्यांत होते. आमची टाकी अंगणात, ती चिखलाच्या पाण्याखाली गेली. शेजारच्या बैठ्या घरातील म्हातारा-म्हातारीला यांनी कठड्यावरून ओढून वर घेतले, त्यामुळे आम्ही नऊ माणसे झालो. पागोळ्यांखाली बादल्या लावल्या, त्या पाण्याने हातपाय धुणे व संडासाचे भागले. ते उकळून प्यावे म्हणावे तर शेगडीवरचे सिलिंडर संपत आलेले, आणि भरलेले सिलिंडर जिन्याखालून केव्हाच वाहून गेले होते. उरलेला गॅस बाळाच्या दुधासाठी राखला.

मुले भुकेने कावली. तिने फळीवरून एक डबा काढला. आईने गावाहून पाठवलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भात लावला असता तर तांब्याभर पाणी त्यातच गेले असते. त्या भाकरीला ना विस्तव लागला ना पाणी. माझे साठ किलो तांदूळ पायाखाली भिजत होते, आणि माझी मुले तिची भाकरी चावून खात होती. पाणी ती पेल्याने मोजून देई. आधी बाळाला, मग म्हाताऱ्यांना, मग मुलांना आणि शेवटी आम्हाला. कोणी सांगितले नव्हते, पण त्या दिवशी त्या घरातली वडीलधारी तीच होती.

संध्याकाळी सासूबाईंचे डोके गरगरू लागले. सकाळची गोळी चुकली होती. हे गोळ्या आणायला जिना उतरू लागले. खालून चौथ्या पायरीला पाणी यांच्या छातीशी आले, आणि आत पलंग-कपाटे तरंगत एकमेकांवर आपटत होती. मी वरून ओरडत होते. सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "गोळीसाठी माणूस घालवू नका. परत ये." हे परत आले. ती रात्र मी त्यांच्या उशाशी बसून काढली. त्यांचा श्वास जरा लांबला की माझे काळीज हले. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरले आणि चिखल तुडवीत त्यांना डॉक्टरांकडे नेले. त्या वाचल्या. पण सातआठ रुपयांची गोळी फळीवरून उचलायची मला सुचली नाही, ही टोचणी अजून गेलेली नाही.

त्या रात्री उजेड होता तो सासूबाईंच्या बॅटरीचा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. काळोखात धडपडत अंगणात पळाल्या आणि पुढे कित्येक रात्री बाहेरच निजल्या. तेव्हापासून उशाशी उजेडाचे साधन असल्याशिवाय त्या झोपत नाहीत. आधी कंदील आणि काड्यापेटी, मग बॅटरी. वर जाताना ती बॅटरी त्यांच्या मुठीत होती.

बॅटरीच्या त्या उजेडात बसून माझ्या मनात एक गोष्ट आली, तीच मला आज सांगायची आहे. जिने जे भोगले, त्याचीच बेगमी ती करते. माझ्या आईची वाट बंद होत असे, म्हणून मी धान्य भरले. लातूरच्या मुलीने तहान पाहिली होती, म्हणून तिने पाणी भरले. सासूबाईंनी काळोख पाहिला, म्हणून त्यांनी उजेड जपला. संकट मात्र विचारून येत नाही, आणि दर वेळी तेच कपडे घालूनही येत नाही. म्हणून आपली बेगमी पुरी आहे की नाही हे आपल्या एकटीला कळायचे नाही. दुसरीने काय सोसले ते तिला विचारावे. मी तिला विचारले नाही, नुसती हसले.

आता एक कबुलीही देते. 24 मार्च 2020 रोजी रात्री 8 वाजता टाळेबंदी जाहीर झाली. मध्यरात्रीपासून 21 दिवस सारे बंद. तेव्हा मीही मुलाला दुकानात पिटाळले आणि दहा किलो रवा आणवला. दहा किलो रवा कशाला, हे माझे मलाही माहीत नव्हते. माझ्यामागे रांगेत असलेल्या बाईला रवा मिळाला नाही असे मुलगा म्हणाला. पुढे त्यातला निम्मा रवा किडून मी तो टाकला. मैत्रिणींनो, सुबत्तेच्या दिवसांत थोडे थोडे बाजूला काढणे ही बेगमी. टंचाईच्या रात्री दुसरीच्या हातातले उचलणे ही साठेबाजी. त्या रात्री मी साठेबाजी केली.

आता मी काय करते ते सांगते. आगोट मी आजही घालते, पण तांदळाचा पिंप माडीवर असतो. जिन्याच्या वरच्या टोकाला खुंटीवर एक पिशवी कायम टांगलेली असते. तिच्यात सर्वांच्या आठवडाभराच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, बॅटरी, मेणबत्त्या, घट्ट झाकणाच्या बरणीत काड्यापेटी, मोबाइलला वीज देणारी पॉवर बँक, शिट्टी, दोरी, आमच्या दोघींसाठी पॅड, सुटे पैसे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक. जवळच्यांचे फोन नंबर वहीत शाईने लिहिले आहेत, कारण मोबाइल बंद पडला आणि मला नवऱ्याशिवाय एकाचाही नंबर पाठ नव्हता. जुलाबासाठी मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे तेही त्याच वहीत आहे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पाणी माणशी रोज चार लिटर धरते आणि तीन दिवसांचे ठेवते. दर शनिवारी बदलते, जुने झाडांना घालते. खाण्याचे सारे न शिजवता खाता येईल असे: राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, गूळ, खजूर, चुरमुरे. ते शिळे होऊ नये म्हणून एक युक्ती केली आहे. दर संकष्टीला आधीचे लाडू, शेंगदाणे आणि खजूर उपासाला खायचे आणि त्याच दिवशी नवे भरायचे. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

कोणी म्हणेल, हातावर पोट असलेल्या बाईने हे कसे करावे? तिने एकदम करूच नये. आपल्या आज्या रोज भात लावताना मूठभर तांदूळ वेगळे काढीत. तसे या आठवड्यात गुळाचा खडा, पुढच्या आठवड्यात मेणबत्ती. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरे, पण विहीरही एका दिवसात खणून होत नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या वस्तीत निम्मी घरे बैठी आहेत. त्यांनी वर ठेवायचे म्हटले तरी वर आहे काय? म्हणून माडी असलेल्या प्रत्येक घराने एका बैठ्या घराची पिशवी आपल्या माडीवर ठेवून घ्यावी. पिशवी त्यांची, खुंटी आपली. जोड्या मृगाच्या आत ठरवाव्यात, आणि रात्री-अपरात्री दार वाजले तर ते उघडायचे हेही आत्ताच बोलून ठेवावे. माझ्या घराची जोडी त्या म्हातारा-म्हातारीशी ठरली आहे. त्यांची पिशवी माझ्या पिशवीच्या शेजारी टांगलेली आहे. ज्यांना पटेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.

लातूरची ती मुलगी आता आमच्याकडे नाही. नवऱ्याला दुसरीकडे नोकरी लागली. जाताना म्हणाली, "काकू, तुमची आगोट कशी घालतात ते लिहून द्या ना." मी दोन पाने लिहून दिली, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. ती गेली त्या रात्री निजण्यापूर्वी मी उठले आणि घरातल्या कळशा भरल्या. अजून भरते.