पहिली मोटारसायकल : आधी वजन, मग सीसी

पहिली मोटारसायकल घ्यायचे घरात ठरले की इंजिन किती सीसीचे, अ‍ॅव्हरेज किती आणि हप्ता किती, या तीन प्रश्नांभोवतीच बोलणे फिरत राहते. नवशिक्याचे सुरुवातीचे दिवस ज्या गोष्टीवर अवलंबून असतात ती म्हणजे गाडीचे वजन, आणि ते वजन थांबलेल्या अवस्थेत तोलून धरण्याची चालकाची क्षमता. तिचा उल्लेख मात्र सहसा कोणी करत नाही. प्रस्तुत भाषणाचा सगळा रोख या एकाच दुर्लक्षित गोष्टीकडे आहे.

माहितीपत्रकात ‘कर्ब वेट’ असा एक आकडा छापलेला असतो. ऑइल आणि पेट्रोल घालून रस्त्यावर आणण्यास सज्ज असलेल्या गाडीचे ते वजन होय. त्याच्याजवळच असलेली ‘सीट हाइट’ म्हणजे जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची. स्प्लेंडर प्लस या हलक्या मोटारसायकलचे वजन सुमारे ११२ किलो, तर क्लासिक ३५० या जड मोटारसायकलचे सुमारे १९५ किलो आहे. म्हणजे दोहोंतील फरक एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका आहे. बैठकीच्या उंचीत मात्र जेमतेम दोन सेंटिमीटरचे अंतर असल्यामुळे शोरूममध्ये दोन्ही गाड्यांवर पाय सारखेच टेकतात आणि ‘पाय पुरतात, म्हणजे गाडी झेपेल’ असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो. पाय पुरणे वेगळे आणि भार पेलणे वेगळे, हे येथे ठासून सांगणे आवश्यक आहे.

मोटारसायकल वेगात असताना बहुतांशी स्वतःच तोल सांभाळते. ती जड वाटते ती सिग्नलपाशी, गल्लीत वळवताना, पार्किंगमधून मागे घेताना आणि पावसाळ्यात साइडपट्टीच्या चिखलात पाय टेकावा लागतो तेव्हा. ज्या घरात आडावरून पाणी आणले जाते, तेथे पाणी भरायला शिकणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी काठोकाठ भरलेला हंडा कोणी देत नाही, कळशी देतात. भांडे सरळ असते तोवर त्याचा भार जाणवत नाही. ते थोडे कलले आणि आतले पाणी एका अंगाला आले की तोच भार अचानक दुप्पट झाल्यासारखा वाटतो आणि मनगट दगा देते. मोटारसायकलच्या बाबतीतही नेमके हेच घडते. पेट्रोलची टाकी उंचावर असल्याने टाकी भरलेली असताना गाडी कलली की ती सावरणे अधिक कठीण जाते. हंडा वाटेत सांडण्यापेक्षा उतरवून ठेवतानाच अधिक वेळा सांडतो, तशी नवशिक्याची गाडीही धावताना पडण्यापेक्षा थांबताना अधिक पडते. शेजारणीचा हंडा मोठा आणि लखलखीत आहे म्हणून पाणी भरायला नुकतीच शिकणारी मुलगी तो मागत नाही. मोटारसायकलच्या शोरूममध्ये मात्र नेमके असेच मागितले जाते, आणि वडीलधारी मंडळीही कौतुकाने मान डोलावतात.

युरोपीय संघात लहान गाडीवरून मोठ्या गाडीकडे जाण्याची ही पायरी कायद्यानेच आखून दिली आहे: ए-१ या पहिल्या परवान्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॅट शक्तीपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि त्यापुढील ए-२ परवान्याची मर्यादा ३५ किलोवॅटची आहे. भारतात वयाच्या १८ व्या वर्षी शिकाऊ परवाना काढून, किमान ३० दिवसांनी चाचणी देऊन मिळणाऱ्या गिअरच्या मोटारसायकलच्या परवान्यावर १०० सीसीची गाडीही चालवता येते आणि १००० सीसीचीही. जी पायरी कायद्याने ठेवलेली नाही ती ग्राहकाने आणि त्याच्या पालकांनी स्वतःच पाळणे इष्ट ठरते.

गाडी झेपेल की नाही हे ओळखण्याचा उपाय सोपा असून त्यास पेट्रोलही लागत नाही. गाडी पसंत करण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून ती साइड स्टँडवरून स्वतः सरळ करावी, हँडल धरून दहा-वीस पावले ढकलत न्यावी, हँडल पूर्ण वळवून एक फेरी मारावी आणि किंचित चढावर उलटी मागे घेऊन पाहावी. हे करताना शेजारी माणूस उभा असावा, परंतु त्याने हात लावू नये. मग बैठकीवर बसून दोन्ही तळवे टेकतात की केवळ चवडे, हे पाहावे. बैठक रुंद असल्यास मांड्या फाकल्यामुळे कमी उंचीच्या गाडीवरही टाचा अधांतरी राहतात. जी गाडी बंद असताना हलवता येत नाही, ती चालू करून हलवण्याचा हट्ट धरू नये.

ब्रेकचा विचार यानंतर लगेच येतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाली. १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी किमान सीबीएस, म्हणजे एका ब्रेकने दोन्ही चाकांवर दाब देणारी जोडणी, पुरेशी मानली गेली. त्यामुळे ‘अधिक सीसीची गाडी अधिक सुरक्षित’ हा युक्तिवाद पुढे येतो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु एबीएसचा उपयोग धावत्या गाडीला होतो, थांबलेली गाडी कलल्यावर ती यंत्रणा सावरायला येत नाही. मुद्दा पुन्हा वजनापाशीच येऊन थांबतो. एबीएस हवेच असेल तर ते असलेल्या गाड्यांमधूनही हलकी गाडी निवडता येते.

जुनी गाडी घ्यावी की नवी, डबलसीट कधी बसवावे, पाच वर्षांच्या तृतीय पक्ष विम्यात काय येते आणि काय येत नाही, हे विषय वेळेअभावी येथे केवळ नावापुरतेच घेता येतात. आयएसआय चिन्हाच्या हेल्मेटचे पैसे मात्र गाडीच्या रकमेतूनच आधी बाजूला काढावेत. मोठी गाडी वर्षा-दोन वर्षांनी घेता येते आणि तोवर ती बाजारातून नाहीशी होत नाही. म्हणून श्रोत्यांना एवढीच विनंती, की बुकिंगच्या कागदावर सही करण्यापूर्वी शोरूममध्ये दहा मिनिटे अधिक थांबावे आणि घरातील ज्याला ती गाडी चालवायची आहे त्यानेच ती बंद अवस्थेत ढकलून पाहावी.